लक्ष्मणरावांची बिछायत

लक्ष्मणराव आमच्या म्युनिसिपालटीचे प्रेसिडेंट झाले ते काही पराक्रम केला म्हणून नव्हे. कापसाच्या जिनवाल्यांच्या पार्टीला वकिलांचा माणूस चालेना आणि वकिलांना जिनवाल्यांचा. मेंबरांच्या सभेत चहा झाला, चिवडा झाला, एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार झाला, आणि दिवेलागणीच्या सुमारास कोणीतरी कंटाळून म्हणालं, "मंग लक्ष्मनरावले करून टाका." लक्ष्मणराव तेव्हा कोपऱ्यातली गोळा झालेली सतरंजी सरळ करत होते. बाजार वॉर्डातून ते बिनविरोध मेंबर झाले होते, कारण त्यांच्याविरुद्ध उभं राहावं असं कोणाला सुचलंच नव्हतं. आपलं नाव ऐकून त्यांनी आधी सतरंजी नीट केली आणि मग मागे वळून पाहिलं.

मी त्या म्युनिसिपालटीत हेडक्लार्क होतो. बंडोपंत म्हणत मला. नोकरीत मी प्रेसिडेंट पुष्कळ पाहिले. बहुतेकांच्या तसबिरी अजून हॉलमध्ये टांगलेल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांकडे बघून मला आजही डोकं धरावंसं वाटतं. लक्ष्मणरावांची तसबीर तिथे नाही. म्हणून म्हटलं, निदान आपण तरी लिहावं.

त्यांचा धंदा बिछायतीचा. पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या आसपासच्या सगळ्या गावांत लग्न असो, तेरवी असो, की पुढाऱ्याची सभा असो, सामान त्यांचंच. सतरंज्या, कनाती, चांदणी, गाद्या-तक्के, ग्यासबत्त्या, आणि स्वयंपाकाचे मोठमोठे पितळी गंज. सामान बैलबंडीत घालून ते स्वतः सोबत जात, स्वतः मांडत, आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत थांबत. इतक्या गाद्या घातल्या माणसाने, पण मी त्यांना तक्क्याला टेकलेलं कधी पाहिलं नाही. प्रेसिडेंटच्या खुर्चीतही ते असे बसत, जणू कोणी येऊन म्हणेल, उठा हो, ही दुसऱ्या लग्नाला न्यायची आहे.

या गरीब माणसाची एक खोड होती. त्यांना नाही म्हणता येत नसे. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली तरी दोघांनाही हो म्हणून बसायचे आणि मग रात्रभर बंडी घेऊन इकडून तिकडे पळायचे. प्रेसिडेंट झाल्यावर मला वाटलं, आता हा माणूस म्युनिसिपालटी बुडवणार. पण झालं उलटंच. वर्षानुवर्षं बंडी हाकून त्यांना गावातली प्रत्येक गल्ली तोंडपाठ होती. कुठे चाक फसतं, कुठे नालीचं पाणी लग्नाच्या मांडवात शिरतं, हे त्यांना इंजिनियरला विचारावं लागत नसे. तीन वर्षांत गावातल्या सगळ्या नाल्यांवर फरश्या पडल्या, अगदी नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यापर्यंत. आधीच्या प्रेसिडेंटांना तिकडे मोहल्ला आहे हे फक्त मतांच्या वेळी आठवायचं.

घरी त्यांची पत्नी आनंदाबाई आणि एकुलती मुलगी पद्मा. आनंदाबाई फार कडक बाई. सोवळं-ओवळं, उपासतापास, चुलीपाशी कोण आलं कोण गेलं, सगळ्यावर नजर. मी ब्राह्मण असून त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पाय ठेवायला भीत असे. लक्ष्मणराव मात्र त्यांच्याकडे असे बघायचे, जणू लग्न कालच झालंय. "पद्माच्या मायले विचारून सांगतो," हे त्यांचं ऑफिसातलंही वाक्य होतं. मेंबर हसायचे, पण ते खरंच घरी जाऊन विचारून यायचे.

आता ती गोष्ट.

सत्तावन सालचा चैत्र होता. पद्माचं लग्न अक्षयतृतीयेला ठरलेलं, मुलगा कारंजा घाडग्याचा. पंधरवडाच उरला होता. अशात जिनमध्ये काम करणारा लहानू ऑफिसात आला. लहानू नाल्यापलीकडचा. आदल्या दसऱ्याला त्याचा मोहल्ला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता, आणि नव्या रीतीने मोहल्ल्यात लागणारं पहिलं लग्न त्याच्या मुलीचं होतं. तो म्हणाला, "अध्यक्षसाहेब, तुमी येजा. आमाले बरं वाटन." लक्ष्मणराव लगेच हो म्हणाले.

गंमत अशी, की बिछायतवाले लक्ष्मणराव सगळीकडे एकटे जात. प्रेसिडेंटला मात्र एकटं जाता येत नाही. सोबत व्हाइस प्रेसिडेंट वासुदेवराव निघाले, आणि मी. वासुदेवराव कापसाचे व्यापारी, गावातलं मोठं खटलं. मनाने वाईट नव्हते, पण गावाचा मान आपल्याच खांद्यावर आहे अशा चालीने चालायचे. ठरलं असं की जायचं, हार घालायचा, सरबत घ्यायचं, निघायचं. सरबताचंही वासुदेवरावांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, की पोट बरं नाही म्हणायचं.

मांडव छान घातला होता. हार झाले. निघता निघता वासुदेवरावांची नजर चुलाणावर गेली आणि ते थांबले. चुलाणावर एक भला मोठा गंज रटरटत होता आणि त्याच्या पोटावर तांब्याचं ठिगळ होतं. ते ठिगळ वासुदेवरावांनी स्वतः उभं राहून मारून घेतलं होतं. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात गंज ओट्यावरून गडगडला आणि फुटला होता, ऐन लग्नघरात कासाराला बोलवावं लागलं होतं. त्याच गंजात मग त्यांच्या पंगतीचं वरण शिजलं होतं. मीही जेवलो होतो.

"लक्ष्मनराव," ते हळूच म्हणाले, "हा तोच?"

लक्ष्मणरावांनी गंजाकडे पाहिलं, मग वासुदेवरावांकडे. "हो. तोच."

आता हे समजायला हवं. गावातला प्रत्येक जण धरून चालला होता की लक्ष्मणरावांकडे भांड्यांचे वेगवेगळे जोड आहेत. प्रत्येकाला वाटे, आपल्यासाठीचा वेगळा. नाल्यापलीकडे त्यांचं सामान जातं हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. कधी कोणी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. कायद्याने शिवाशीव केव्हाच गेली होती. पण कायदा कचेरीत राहत होता आणि शिवाशीव घरात.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायका पाणवठ्यावर, पुरुष पानठेल्यावर. जो तो आपल्या घरची लग्नं आठवायला लागला. लक्ष्मणराव घरी गेले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पद्माने नंतर मला सांगितलं, की तिच्या आईने आदळआपट केली नाही, आंघोळ केली नाही, काहीच केलं नाही. नुसतं विचारलं, "सारं गाव राहू द्या बाजूले. मले काऊन नाई सांगितलं?"

सणासुदीला त्याच गंजांत त्यांच्या घरचा नैवेद्य शिजायचा. आनंदाबाई जे इतकं जपत होत्या, ते नवऱ्याच्याच हातून मोडत होतं, आणि ते त्याने वर्षानुवर्षं त्यांच्यापासून झाकून ठेवलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. ताट वाढायच्या, लग्नाची कामं करायच्या, बोलायच्या नाहीत. लक्ष्मणराव ऑफिसात येऊन सही करता करता मध्येच थांबत. मला फार वाईट वाटे, पण असल्या बाबतीत हेडक्लार्क काय करणार?

मग वासुदेवरावांनी तोड काढली. मला म्हणाले, "बंडोपंत, काई नाई. त्याइनं चार लोकांत येवढंच म्हनाचं, का गडीमानसाच्या चुकीनं येक गंज तिकडं गेला. गंज मोडीत काढू. देवाले अभिषेक करू. संपलं. नाईतर पद्माच्या लग्नाले येक मानूस जेवाले बसनार नाई. कारंजावाले उठून गेले म्हनजे पोरीचं काय?" मला वाटलं, बरंच सोपं सांगितलं. एका वाक्याचा तर प्रश्न होता, आणि नाही म्हणणं हे लक्ष्मणरावांच्या स्वभावातच नव्हतं.

तो निरोप घेऊन मी त्यांच्या घरी गेलो तर ओसरीवर लहानू बसलेला. त्यालाही सगळं कळलं होतं. तो म्हणत होता, "भाऊ, तुमी म्हनून टाका चूक झाली. आमाले राग नाई. आमच्या मोहल्ल्यातून येक शबूद बाहेर येनार नाई. इतके सालं आला का? पद्माचं लगन नीट होऊ द्या. ते आमचीबी पोरगी हाय."

आतल्या दाराशी आनंदाबाई हातात सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लहानू उठून गेला तरी त्या तिथेच उभ्या होत्या. मीही निरोप सांगितला आणि निघालो. खरं सांगतो, त्या ओसरीवर जास्त वेळ थांबवेना.

दुसऱ्या दिवशी वासुदेवरावांच्या बैठकीत गावातली मोठी मंडळी जमली. सतरंजी लक्ष्मणरावांचीच होती, हे सांगायला नकोच. वासुदेवराव म्हणाले, "बोला लक्ष्मनराव. चूक झाली येवढंच म्हना."

"नाई," लक्ष्मणराव म्हणाले.

मी चमकून पाहिलं. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"चुकीनं नाई गेला. मीच नेला. नेहमीच नेतो. धंदा सुरू केला तवा सामान घेऊन बसलो होतो, कोनी येईना. पयला मानूस आला तो या लहानूचा बाप. हात जोडून उभा राह्यला. उद्या पोरीचं लगन अन् घरात शिजवाले भांडं नाई म्हने. मले नाई म्हनता आलं नाई. मी देल्लं. त्याच गंजात मंग तुमच्या घरची लग्नं झाली. येकच जोड हाय माह्यापाशी. दुसरा मी कधी घेतलाच नाई."

एका चुकून गेलेल्या गंजाची गोष्ट घेऊन आलेल्या माणसांपुढे आपल्या सगळ्या लग्नांच्या, मुंजींच्या, तेरव्यांच्या पंगती येऊन बसल्या होत्या. कोणी कोणाकडे बोट दाखवायचं? प्रत्येकाचं बोट स्वतःच्याच मांडवाकडे वळत होतं. लक्ष्मणराव उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "पद्माचं लगन हाय. सारे येजा." आणि गेले.

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली. ऑफिसाच्या खर्चाने हार घालून ऐकली. पण त्या दिवशी ज्या माणसाच्या हाताखाली आपण काम करतो त्याचा मला अभिमान वाटला, आणि त्याच्या पोरीच्या लग्नाची तितकीच भीतीही वाटली.

अक्षयतृतीयेच्या सकाळी मी मांडवात वाढपी म्हणून हजर झालो, तर दारात एक बंडी उभी. वासुदेवरावांनी आपल्या घरचे तांब्याचे हंडे आणि गंज पाठवले होते. प्रत्येकावर त्यांचं नाव कोरलेलं. सोबतचा माणूस म्हणाला, "मालकानं सांगितलं, सैपाक याच्यात करा. मंग सारं गाव येते." वासुदेवरावांनी ते चांगल्या मनानेच केलं होतं, हे मी आजही म्हणतो. पण लक्ष्मणरावांचा चेहरा पडला. दोन शब्द बोलायचं बळ त्यांनी बैठकीत खर्चून टाकलं होतं.

आचाऱ्याने विचारलं, "वरन कोनत्या गंजात टाकू?"

आनंदाबाई पदर खोचून बाहेर आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाल्या, "आपला तो ठिगळाचा काढ. तो सगळ्यात मोठा हाय. सारं गाव जेवाचं हाय." मग बंडीकडे बघून गड्याला म्हणाल्या, "हे हंडे दारात मांडून दे. लोकाइले हातपाय धुवाले पानी लागते."

लक्ष्मणराव मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि सरपण आणायला निघून गेले.

दुपारी मुहूर्त झाला. कारंज्याची वरात आली होती, आणि हळूहळू गावही आलं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण मग माझ्या लक्षात आलं, लोक दारात पाय धुताना हंड्यांवरचं नाव वाचत होते, एकमेकांना डोळ्यांनी खुणावत होते आणि सुटकेचा श्वास टाकून आत येत होते. त्यांना वाटत होतं, स्वयंपाक वासुदेवरावांच्या भांड्यांतला. पत्रावळी पडल्या. भात पडला, वांग्याची भाजी पडली, बुंदी पडली. मी वरण वाढत होतो आणि म्हणत होतो, चालू द्या असंच, काय बिघडतंय?

लक्ष्मणरावांनाही ते दिसलं होतं. कन्यादान होईपर्यंत त्यांचा उपास, तोंड सुकलेलं. ते पंगतीच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि हात जोडले. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, अहो, नका. आता तरी नका.

"मंडळी," ते म्हणाले, "दारातले हंडे वासुदेवरावचे हायेत. सैपाक आमच्याच गंजात झाला. लहानूच्या घरी गेलता त्याच गंजात. ज्याले जेवाचं नाई त्याचा राग नाई. पन माहीत नसता कोनी जेवलं असं नको व्हायले. आजवर केलं तसं. पुन्ना नाई करत."

पद्मा बोहल्यावर मान खाली घालून बसली होती आणि तिच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. मागच्या रांगेतून शेजारच्या देवकाबाई उठल्या, त्यांच्यामागे आणखी काही जण. चपला घातल्याचे आवाज तेवढे आले.

तेवढ्यात मुलाचे वडील, मधुकरराव, भाताला आळं करत म्हणाले, "आमचा धाबा हाय हायवेवर. ट्रकवाला कोन, त्याच्या आधी त्या ताटात कोन जेवलं, हे इचारत बसलो असतो तर आमी उपाशी मेलो असतो. वाढा हो वरन." मी वाढलं. घाईत थोडं त्यांच्या धोतरावरही सांडलं. वासुदेवराव त्यांच्या शेजारी बसले होते. ते कितीतरी वेळ पत्रावळीकडे पाहत राहिले. शेवटी कोणाकडे न बघता म्हणाले, "थंड होऊन राह्यलं," आणि पहिला घास घेतला. मग बाकीच्यांनी घेतला. निम्मं गाव उठलं असं कोणी सांगेल तर विश्वास ठेवू नका. आणि सगळं गाव बसलं असं सांगेल तर त्यावरही नको. पण बरेच जेवले, आणि वरण दोनदा मागितलं.

पंगती उठल्या, कन्यादान झालं, उष्टी निघाली, ऊन कललं. कन्येच्या आईबापांनी आता काहीतरी खायला हवं होतं. लहानू आणि त्याची बायको कोकिळा पद्मासाठी लुगडं घेऊन केव्हाचे आले होते आणि मांडवाच्या कडेला उभे होते. पंगतीत बसा म्हणालो तर बसेनात. लक्ष्मणरावांनी त्यांना हाताला धरून आणलं. "माह्यासंगं जेवा," म्हणाले. मी पत्रावळी मांडल्या. लहानू, लक्ष्मणराव, कोकिळा. नवऱ्याच्या पंगतीला बायकोने बसायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून आनंदाबाईंची पत्रावळ मी मांडलीच नाही.

आनंदाबाई स्वतः वाढायला आल्या. लहानूला भात वाढला, कोकिळेला वाढला, नवऱ्याला वाढला. वरण वाढलं, तूप वाढलं. तिघांचेही हात पत्रावळीवर थांबले होते. लक्ष्मणराव मान वर करून बायकोकडे बघत होते, आणि त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण पंधरवड्याची सवय मोडेना.

आनंदाबाईंनी भांडं खाली ठेवलं. माझ्या हातातून एक पत्रावळ ओढून घेतली, नवऱ्याच्या आणि कोकिळेच्या मध्ये मांडली आणि म्हणाल्या, "सरका जरासे."